एकाच तारेतून

काल फायबर बसवायला आलेल्या माणसाने फोनची जुनी तार उपटली. चुन्याचा कोरडा वास सुटला आणि मला नांदगाव खंडेश्वरचं आमचं घर आठवलं.

माझा बारावीचा निकाल नेटवर लागणार होता आणि ताई बाळंतपणासाठी अकोल्याला दवाखान्यात होती. पूर्वी नेट लावलं की फोन अडून राहायचा, म्हणून माय मला कॉम्प्युटरपाशी फिरकू देईना.

"आता ब्रॉडबँड आहे, दोन्ही चालतं," मी समजावलं. शेवटी ती मानली, पण हात फोनवरच ठेवून.

निकालाचं पान उघडत असतानाच जिजाजींचा फोन आला. ताईला मुलगी झाली होती. डोळे पुसत माय पडद्याकडे बघू लागली.

"तुयं चालूनच राह्यलं? एकाच तारेतून? मंग दोन्ही एकमेकात मिसळत काहून नाईत?"

बोलणं खालच्या लहरींवर जातं, नेट वरच्या, आणि भिंतीवरची पांढरी डबी त्यांना वेगळं करते, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा तिचा प्रश्न मला भोळा वाटला होता. आज वाटतं, तो मलाच पडायला हवा होता.

"जवाईबापू, ठेवू नका," माय म्हणाली. "फोन बाळापाशी न्या. मले तिचं रडणं आयकू द्या, अन् इकडं हिचे बारावीचे मार्क पाहू द्या."