कमलचं आलंय, माझं नाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. तुम्हाला का सांगते — ते मलाही नीट माहीत नाही.

मी दवाखान्यात आया होते. कमल पण. माझ्यापेक्षा लहान, मला आक्का म्हणायची. कोरोनाची पहिली लाट ओसरली तेव्हा आम्हा सगळ्यांचं रक्त घेतलं. अँटिबॉडी बघायच्या होत्या — म्हणजे कुणाला रोग नकळत होऊन गेलाय, ते. माझं मला ठाऊक होतं. फिनेलचा वास यायचा बंद झाला होता. ताप अंगावर काढला, बोलले नाही.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, तेव्हा कमल वर बाळंतिणींकडं होती. तिला तुम्हीच सांगा, म्हणाल्या. माझ्यात अँटिबॉडी होत्या. तिच्यात नव्हत्या. आणि असल्या तरी मास्क सोडायचा नाही, असंही बजावलं. तेही मी कमलला सांगितलं नाही.

खाली मुकादम उभा. त्याचा हिशेब साधा — ज्याला होऊन गेला, त्यानं कोरोना वार्डात जायचं. दोघींत कुणाचं आलं, विचारलं. कागद कोण बघतंय? मी त्या वार्डातून मढी बाहेर आणली होती. पुन्हा जायचं नव्हतं. म्हणाले, "कमलचं आलंय. माझं नाय."

जीभ अडखळली पण नाही.

कमल उलट खूश. "आक्का, मी पक्की झाले आता. तू बस भीत, दारातच पोछा मार." मास्क हनुवटीखाली घेऊन फिरायला लागली. मी बघायचे. रोज बघायचे. वर कर, एवढंही म्हणाले नाही — म्हटलं असतं तर तिनं विचारलं नसतं का, कशाला?

मग त्याच वार्डात तिला खाट मिळाली. मी पाणी पाजायला गेले. धाप लागलेली. एकेक शब्द सुटा.

"आक्का, माझं तर आलं होतं ना गं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. आता काय उपयोग, असं वाटलं का? नाही. भ्या वाटलं. म्हणाले, "व्हय. आलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिची लेक चितेगावला कंपनीत जाते. दर बुद्धपौर्णिमेला खिरीचा डबा आणते, मावशी म्हणते. मी डबा घेते. खीर खाते.