नणंदबाईंचा शेवटचा प्रयत्न

आमच्या नणंदबाई जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. कुत्र्याचं तोंड धरणं, मांजराला टोपलीतून बाहेर यायला राजी करणं, टेबल पुसणं आणि मालकांना धीर देणं ही सगळी त्यांची कामं. ‘नणंदबाई’ मी चिडवायला म्हणते, आणि अहोजाहोही तेवढ्यापुरतंच. ती माझ्याहून लहान आहे, आणि एका घरात राहून आम्ही इतक्या भांडलो आहोत की अहोजाहो टिकणं शक्यच नव्हतं.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. सासरे आजारी पडले तेव्हा तिचं शिक्षण सुटलं आणि ती दवाखान्यात लागली. मग बरीच वर्षं गेल्यावर एकदा जेवताना तिने सांगून टाकलं की ती प्रवेश परीक्षा देणार आहे. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, “दे की” म्हणाला आणि परत ताटात बघायला लागला. आमच्या घरात याहून मोठा पाठिंबा कोणी कोणाला देत नाही.

दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. यंदानंतर वयाची अट आडवी येणार होती. यंदा झालं तर झालं, नाहीतर जन्मभर दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली कुत्र्यांची तोंडं धरायची. तिने हे एकदाच बोलून दाखवलं, पण त्यानंतर घरात कोणी ते विसरलं नाही.

परीक्षा पर्यायांची होती. वर प्रश्न, खाली चार उत्तरं, बरोबर वाटेल त्याचा गोल काळा करायचा. नणंदबाईंची पद्धत ठरलेली होती. चुकीची तीन उत्तरं शोधून बाजूला काढायची आणि उरेल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्यात तिचा हातखंडा होता. पुढे पुढे ही सवय घरातही शिरली. दार कोण वाजवतंय विचारलं, तर ही जागेवरूनच सुरू व्हायची: दूधवाला नसेल, तो सकाळी येतो, शेजारीण नसेल, ती वाजवत नाही, सरळ आत येते. तोवर बाहेरचा माणूस कंटाळून निघून गेलेला असे.

आणि मग परीक्षा घेणाऱ्या मंडळाची सूचना आली. परीक्षेचं स्वरूप बदलण्याचा विचार चालू आहे, पर्यायांऐवजी सविस्तर उत्तरं लिहावी लागू शकतील, अंतिम निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. हा ‘यथावकाश’ ज्याने शोधून काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा, असं मी त्या दिवसांत येईल त्याला सांगत होते.

नणंदबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच आठवड्यात दवाखान्यात एक ससा आला, खाणं सोडलेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, काय झालं असेल याला? ही सशाकडे बघत म्हणाली, “पर्याय?”

डॉक्टरबाईंना इतकं हसू लोटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्या म्हणाल्या, “ससा पर्याय देत नाही बाई. तूच सांग.”

तिला सांगता आलं नाही. सशाचे मागचे दात वाढून गालाला टोचत होते. हे चार उत्तरांत कुठे दिसलं असतं तर तिने झटकन ओळखलं असतं, पण नुसतं विचारल्यावर तोंडातून शब्द फुटेना. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने लिहायला घेतलं. माझ्या सासूबाई खिडकीपाशी बसून मशीनवर पडदे शिवतात. मी ज्या पडद्यांच्या दुकानात काम करते तिथेच ते जातात. नणंदबाईंनी आपलं टेबल मशीनला लावून घेतलं. ती उत्तर लिहायची आणि आईला मोठ्याने वाचून दाखवायची. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की मला कळेल असं सांग. उत्तर भोंगळ असलं की मशीन धडधडत राही. कळायला लागलं की सासूबाईंचा पाय आपोआप थांबे. मशीन थांबली म्हणजे उत्तर जमलं, अशी आमची खूणगाठ झाली.

सुरुवातीला मशीन काही थांबेना. मग हळूहळू थांबायला लागली. गाईच्या पोटाचे कप्पे, कोंबडीला दात नसताना दाणे कसे भरडले जातात, घोडा उभ्या उभ्या कसा झोपतो. गाय आधी घाईघाईने गिळते आणि मग तेच परत तोंडात आणून निवांत चघळते हे ऐकल्यावर सासूबाई कात्री खाली ठेवून म्हणाल्या, शहाणी आहे. पडद्यांवर मात्र या विद्येचा परिणाम व्हायला लागला. एक बाई दुकानात पडदा परत घेऊन आल्या आणि मला दाखवून म्हणाल्या की इथे शिवण अशी वाकडी का गेली आहे. मी काय सांगणार? तिथे गाय रवंथ करत होती.

खरं सांगायचं तर ते दिवस मजेत गेले. मी भाजी निवडताना ऐकत असे, नवरा कामावरून आला की बूट काढता काढता दोन प्रश्न विचारत असे. दवाखान्यातही फरक पडला. जनावराला काय झालंय ते मालकांना नीट समजावून सांगायचं काम डॉक्टरबाईंनी तिच्यावर सोपवलं. लोक येताना घाबरलेले असत, जाताना मान डोलवत जात.

परीक्षा तोंडावर आली आणि मंडळाने अंतिम निर्णय कळवला. यंदा जुनंच स्वरूप कायम. पर्यायच.

मी मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नणंदबाई मात्र शांत होती. जुनंच तर आहे, असं म्हणून तिने सरावाचा पेपर काढला, घड्याळ लावलं आणि बसली. आणि अडकली. आता तिला कुठलंच उत्तर पटेना. हे बरोबर आहे पण वासराच्या बाबतीत नाही, ते अर्धवट आहे, तिसऱ्यात शब्दच चुकीचा वापरलाय. चारही उत्तरांशी ती शेजारणीशी भांडावं तशी भांडत बसली. वेळ संपली तेव्हा अर्धा पेपर कोरा होता.

“वहिनी, मी दोन्हीकडून गेले,” ती म्हणाली.

मी काहीतरी फालतू बोलले, होईल गं, असं काहीतरी. सासूबाईंनी पडद्याच्या कापडाची उरलेली पट्टी उचलली, पेपरवर नेऊन चारही उत्तरांवर टाकली आणि चिडून म्हणाल्या, “ती बघूच नकोस. आधी मला सांग.”

नणंदबाईंनी प्रश्न वाचला आणि रोजच्यासारखं उत्तर सांगितलं. मशीन थांबली. पट्टी बाजूला केली तर तिने सांगितलेलंच उत्तर खाली होतं, जरा वेगळ्या शब्दांत, पण स्टेशनवरच्या गर्दीत आपलं माणूस ओळखू यावं तसं चटकन दिसलं. बाकीच्या तिघांशी भांडायचं कारणच उरलं नाही. पुढचे सगळे दिवस ती पट्टी पेपरवरून खाली सरकत राहिली, आणि तिचा वेग आधीपेक्षाही वाढला.

परीक्षेच्या खोलीत पट्टी नेता येणार नव्हती, म्हणून तिने तळहात वापरला. देखरेखीला असलेल्या सरांना त्या तळहाताचा संशय आला. त्यांनी तो उचलायला लावला, उलटा करून पाहिला, दुसराही मागितला. शाईच्या डागाशिवाय काही सापडलं नाही तेव्हा ते बिचारे ओशाळून पुढे गेले, असं ती घरी येऊन सांगत होती आणि यावेळी स्वतःच हसत होती.

निकाल बघायचं काम तिने माझ्या गळ्यात घातलं होतं. तिला धीर होत नव्हता. निकाल लागला तेव्हा मी दुकानात होते. फोनवर पाहिलं, परत पाहिलं, मालकांना दाखवून खात्री करून घेतली आणि मोजपट्टी गळ्यात तशीच घेऊन दवाखान्याकडे पळत सुटले.

दवाखान्यात टेबलावर एक म्हातारा कुत्रा होता, मांडी फाटलेला. डॉक्टरबाई टाके घालत होत्या आणि नणंदबाई त्याचं डोकं छातीशी धरून कानात काहीतरी पुटपुटत होती. मी दारात दिसताच तिने मान हलवली. आत्ता नको. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. आयुष्यात कुठलीही बातमी मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत पोटात ठेवलेली नाही, त्या दिवशी ठेवली. एकेक टाका पडत होता आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

शेवटचा टाका झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “सांगा आता, नाहीतर तुम्हालाच काहीतरी होईल.”

“लागला नंबर,” मी म्हणाले. “पहिल्याच यादीत.”

तिने कुत्र्याच्या मानेवरचा हात काढला नाही. डॉक्टरबाईंनी हातमोजे उतरवले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. कुत्र्याचे मालक, एक वयस्क गृहस्थ, या सगळ्याकडे नुसते बघत होते. नणंदबाईंनी त्यांना नेहमीसारखं समजावून सांगितलं. जखम ओली होऊ द्यायची नाही, त्याला चाटू द्यायचं नाही, टाके काढायला पुढच्या आठवड्यानंतर आणायचं.

“तेव्हा मी नसेन,” ती म्हणाली. “डॉक्टरबाई काढतील. मी बाहेरगावी शिकायला चाललेय.”

कित्येक महिने मी कधी एकदा ही परीक्षा संपते म्हणून दिवस मोजत होते. नंबर लागावा म्हणून तिच्याइतकीच मी झुरले होते. पण नंबर लागला की ती घरात नसणार, हे तोवर माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी बाकावर बसले आणि ढसाढसा रडायला लागले.

त्या गृहस्थांनी खिशातून रुमाल काढून माझ्यासमोर धरला.

“रडू नका हो,” ते म्हणाले. “बरा होईल तो.”