विजयश्रीचा गीझर

नवनाथ कुणाच्याही घरी गेला की आधी बाथरूममध्ये डोकवायचा. चहा येईपर्यंत बादलीच्या कडेला बसलेला पांढरा थर नखाने खरवडून बघायचा, नळाच्या तोंडावरून बोट फिरवायचा आणि बाहेर येऊन यजमानाला सांगायचा, "भाऊ, पाणी लई जड आहे तुमचं. हा गीझर काही टिकायचा नाही." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेल्यावरही त्याने हेच केलं. मुलीकडचे बिचारे पोह्यांचं विचारायचं सोडून गीझरकडे बघत बसले. घरी आल्यावर बायकोने, विजयश्रीने, त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो आपला हसत होता.

त्याचा तरी काय दोष म्हणा! उदगीरकडून पोटापाण्यासाठी आलेला हा माणूस चाकणच्या एका कंपनीत बॉयलरच्या पाण्यावर होता. जड पाणी तसंच बॉयलरमध्ये गेलं तर आत क्षाराचे थर चढतात आणि नळ्या जळतात. म्हणून ते आधी सॉफ्टनरच्या टाकीतून काढून मऊ करायचं, टाकी मिठाच्या पाण्याने धुवायची आणि दर शिफ्टला नमुना तपासायचा. परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी झालं तर जड, निळं झालं तर मऊ. आयुष्यभर त्याने एवढंच केलं, आणि मन लावून केलं. त्याच्या शिफ्टला बॉयलरने कधी कुरकुर केली नाही.

पिंपळे गुरवला सोजराबाईंच्या इमारतीत त्यांचं बिऱ्हाड होतं. सोजराबाई मूळ गावच्याच, शेतं गेली आणि खोल्या उभ्या राहिल्या तेव्हापासून घरमालकीण झालेल्या. इमारतीला पाणी बोअरचं. विजयश्री घरी ब्लाउज शिवायची. तिचे केस लांबसडक होते आणि गॅसवर तापवलेल्या पातेलंभर पाण्यात ते धुताना तिची फार तारांबळ व्हायची. "एक गीझर घ्या," एवढंच तिने आयुष्यात मागितलं असेल. घेतला. वर्षाच्या आत त्याच्या कॉइलवर क्षाराचं जाड कवच चढलं आणि कॉइल जळाली. बॉयलरवाल्याच्या घरचा गीझर जळला म्हणून इमारतभर हशा झाला. नवनाथला ते फार लागलं.

त्याने नवी कॉइल बसवली आणि तेव्हापासून त्या गीझरचे लाड सुरू झाले. पाणी फार कडक तापवायचं नाही, कारण जितकं तापवाल तितका क्षार बसतो, म्हणून आतलं बटण त्याने खालीच ठेवलं. आणि दर वर्षी दिवाळीच्या अंघोळीआधी, घरात चकलीचं तेल तापत असताना, हा गृहस्थ गीझर खोलून बसायचा. कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवायची, पांढरे पापुद्रे सुटले की जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायची. विजयश्री चकल्या सोडून येऊन उलट्या बादलीवर बसायची आणि त्याला बॅटरी धरायची.

"लग्न माझ्याशी केलंय का ह्या गीझरशी?" ती विचारायची.

"गीझर उलटून बोलत नाही," तो म्हणायचा.

मग ती मुद्दाम बॅटरी भलतीकडे धरायची.

अशा त्या सुखाच्या घरात विजयश्रीच्या अंगाला खाज सुटायला लागली. आधी पोटऱ्या, मग पाठ, मग सगळंच अंग. कातडी कोरडी पडली. केसही हातात यायला लागले. सोजराबाईंनी जिन्यातच निकाल देऊन टाकला, "अगं, बोरचं पानी हाय ते. आमच्या सूनबाईचं बी केस गेलं. दुसरं काय न्हाई." समोरच्या बिऱ्हाडानेही मान डोलावली. त्या भागात केस गळाले की बोअर, खाज सुटली की टँकर, हे जणू ठरलेलंच आहे.

आणि खरं सांगायचं तर नवनाथ मनातून खूश झाला. ताप आला असता, खोकला झाला असता तर तो घाबरला असता. पण जड पाणी? ते तर त्याच्या हातातलं होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीतून परीक्षानळी आणली, घरचं पाणी तपासलं. थेंब पडताच ते असं गुलाबी झालं की तो ओरडलाच, "विजू, सापडला बघ चोर!"

मुलगी दिव्या तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "पप्पा, आईला एकदा डॉक्टरला दाखवू या ना. पायपण सुजतात तिचे."

"दिवसभर मशीनवर बसल्यावर पाय सुजणारच की. आधी पाण्याचं बघू दे मला."

साहेबांना विचारून त्याने कंपनीतलं काढून टाकलेलं रेझिन आणलं. हे रेझिन म्हणजे पाण्यातला क्षार धरून ठेवणारे बारीक मणी. जाड प्लास्टिकच्या पाइपात ते भरून त्याने गीझरमध्ये जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत घरचा सॉफ्टनर उभा केला. बाथरूमच्या कोपऱ्यात खडेमिठाचं पोतं आलं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून खपून त्याने जोडणी केली, पाणी सोडलं, नळीत घेतलं, थेंब टाकले. निळं! निरभ्र निळं. त्याने ती नळी विजयश्रीच्या डोळ्यांपुढे धरली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि अंघोळीला गेली.

आठवड्याने त्याने विचारलं, "कसं वाटतंय?"

"कमी झालीय की," ती म्हणाली. "लई फरक आहे."

इमारतीत त्याने ते दहा जणांना सांगितलं असेल. ती मात्र अंघोळीनंतर दार लावून खोबरेल चोळत बसायची. जेवण तुटलं होतं. शिवायला घेतलेले ब्लाउज तसेच पडून राहायला लागले. "थकल्यासारखं व्हायलंय," म्हणून ती दुपारीही आडवी व्हायची. दिव्याने पुन्हा डॉक्टरांचं काढलं तेव्हा आईच म्हणाली, "राहू दे गं. पप्पांनी एवढं केलंय, गुण येतोय हळूहळू."

मग एका सकाळी कणीक मळता मळता तिला धाप लागली आणि ती ओट्याला धरून खालीच बसली. दवाखान्यात रक्त घेतलं, रक्तदाब बघितला आणि डॉक्टरीणबाईंनी नवनाथला समोर बसवलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता कुणास ठाऊक, कुणी मोजलाच नव्हता.

"अंगाला खाज येत होती का?" त्यांनी विचारलं.

"येत होती. ती पाण्याची..." नवनाथ म्हणाला आणि थांबला.

"पाण्याची नव्हती. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की घाण रक्तात साचते. तिची खाज होती ती." बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "लवकर आला असता तर बरंच सांभाळता आलं असतं. आता डायलिसिस सुरू करू. आणि जेवणात मीठ अगदी कमी करा."

घरी येऊन त्याने बाथरूममधलं मिठाचं पोतं उचललं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. सॉफ्टनर धुवायला लागेल तेवढं मीठ पुढे तो तिथूनच डब्यातून खाली आणायचा.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहिल्या दिवशी तिला आत घेतल्यावर नवनाथ बाहेर येरझारा घालत होता. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत बघितलं तर तीच टाकी. तोच सॉफ्टनर, तेच मिठाच्या पाण्याचं पिंप, फक्त सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. तिथल्या माणसाने सांगितलं की मशीनला जड पाणी चालत नाही, पेशंटला त्रास होतो. त्याने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. निळं झालं.  नवनाथला रडायचंही सुचेना. पुढे प्रत्येक वेळी तो आधी त्या खोलीत जाऊन निळं बघायचा आणि मगच कंपनीची दुपारची शिफ्ट गाठायला नाशिक फाट्याला बस पकडायचा.

"इथलं पाणी तरी बरं आहे का?" एकदा पलंगावरून विजयश्रीने विचारलं. तोंड सुजलं होतं, तरी थट्टा सुटली नव्हती.

"निळं आहे," तो म्हणाला.

"मग झालं तर."

तो तिचा हात धरून बसला. केव्हापासून मनात होतं ते त्याने विचारून टाकलं, "विजू, तेव्हा कमी झाली होती ना गं खाज?"

 ती म्हणाली, "नाही हो. एक दिवसही नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ती नळी घेऊन तुम्ही इतके हसत आला होता. कसं सांगू?"

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती गेली. डायलिसिस संपवून घरी आली, पाणी मागितलं, आणि ते आणेपर्यंत सगळं संपलं होतं. उदगीरकडचे लोक आले, दिवस झाले, लोक गेले. सोजराबाई भाजी-भाकरी घेऊन वर यायच्या आणि तो जेवेपर्यंत बसून राहायच्या. नवनाथ कामावर जात होता. नमुना तपासत होता, पण निळं झालेलं त्याला बघवत नव्हतं. नळी तो लगेच ओतून टाकायचा.

दिवाळी आली. त्या वर्षी सण करायचा नव्हता, चकली नव्हती, आकाशकंदील नव्हता. तरी सकाळी दिव्याला बाथरूममध्ये आवाज आला. पप्पा स्टुलावर चढून गीझर खोलत होते. ती बॅटरी घेऊन आली आणि आईच्या उलट्या बादलीवर बसली.

 आपल्याला काय हवंय ते कुणालाच सांगता येणार नाही, असं नवनाथला वाटत होतं. त्याला क्षार हवा होता. आत थर सापडावा, चांगला बोटभर सापडावा, म्हणजे सॉफ्टनर कुठेतरी चुकला, पाणी जडच राहिलं, खाज पाण्याचीच होती, असं स्वतःला सांगता येईल. निदान एक दिवस तरी पाण्याला दोष देता येईल. त्याने शेवटचा नट काढला आणि कॉइल बाहेर ओढली.

ती लखलखत होती. एक पापुद्रा नाही, एक डाग नाही. त्याने नखाने खरवडून बघितलं, टाकीत हात घालून तळ चाचपला. हाताला काही लागलं नाही.

"निघाला का क्षार?" दिव्याने हळूच विचारलं.

तो ओल्या फरशीवर खाली बसला. कॉइल मांडीवर होती.

"नाही गं," तो म्हणाला आणि हुंदका फुटून त्याला पुढचं धड बोलता येईना. "गीझर... गीझर चांगला ठेवलाय मी."