चांद्याची उरलेली जागा

चांद्याच्या सामन्यांत आम्हा लहान शाळांच्या वाट्याला एकच जागा होती, आणि ती मी भर सभेत, माझ्याच तोंडाने, दुसऱ्या शाळेला देऊन आलो. त्या शाळेने ती मागितलीसुद्धा नव्हती. त्यांचे गुरुजी त्या दिवशी खडूची पेटी न्यायला आले होते.

ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून चांदा. आरमोरीहून कुरखेड्याकडे जाताना रस्ता सोडून आत शिरलं की आमचं गाव आणि त्यात आमची मिडल शाळा. मी तिथे गणित शिकवायला लागलो होतो. खेळही माझ्याकडेच आले, कारण माझ्याजवळ स्वतःची शिट्टी होती. दुसरी पात्रता मोठ्या गुरुजींनी विचारली नाही आणि विचारली असती तर सांगता आली नसती.

चांद्याला दर हिवाळ्यात हुतूतूचे सामने व्हायचे. आठ संघ. त्यांतल्या सात जागा मोठ्या गावांतल्या हायस्कुलांच्या. त्या त्यांना कोणी देत नव्हतं, त्या त्यांच्याच होत्या, जसं घरातल्या थोरल्या जावयाचं पाटावरचं स्थान. उरलेली आठवी जागा जंगलातल्या आम्हा सगळ्या मिडल शाळांत मिळून. आम्ही आधी आपसांत खेळून एक संघ निवडावा, हे सरळ होतं. पण मध्ये नद्या, नाले, रस्त्याचा पत्ता नाही. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं असतं तर वार्षिक परीक्षा मैदानातच घ्यावी लागली असती. म्हणून ती जागा आरमोरीच्या शाळेत सतरंजीवर बसून वाटली जायची. प्रत्येक गुरुजींनी उठून सांगायचं, यंदा आम्ही इतके सामने जिंकलो. ज्याचे जास्त, त्याला जागा.

नुसतं मोजायचंच म्हटल्यावर शहाण्या शाळा काय करणार? जवळचं एखादं अशक्त गाव धरायचं आणि दर आठवडी बाजाराला, म्हणजे हाटाला, त्याला हरवायचं. एका शाळेने तर शेजारच्या प्राथमिक शाळेला इतक्यांदा हरवलं होतं, की ती पोरं हरायला येताना शिदोरी बांधून यायची.

आमच्या संघाचा म्होरक्या सातवीतला एक दांडगा मुलगा होता. बाप धानाचा शेतकरी. त्याने सांगूनच ठेवलं होतं, सातवी झाली की शाळा बंद, नांगराच्या मागे. म्हणजे चांदा पाहायचा तर ह्याच वर्षी. चांद्याला जायचं म्हणजे आरमोरीला वैनगंगा डोंग्यातून ओलांडायची आणि ब्रह्मपुरीला आगगाडीत बसायचं. आगगाडी त्याने पाहिली नव्हती. बेरजेच्या तासाला तो एकदम हात वर करायचा आणि विचारायचा, "गुर्जी, रेलगाडी उभी असते तवा हालते का?"

"नाही हलत."

"मंग चढताना डर नाई."

एवढं समाधान झालं की तो बेरीज चुकवायला मोकळा.

त्या साली आमच्या गावात चमत्कार झाला. सात बड्यांतलं एक हायस्कूल सहलीला म्हणून आमच्या बाजूच्या जंगलात आलं. त्यांची मोटार नाल्यात बसली. ती निघेस्तोवर त्यांच्या गुरुजींनी विचारलं, "पोरांचे पाय मोकळे होतील, तुमच्याकडे हुतूतू खेळतात का हो?" खेळतात का! नुकतीच मळणी आटोपली होती. पाटलाचं खळं शेणाने सारवून पाटीसारखं गुळगुळीत पडलं होतं. चुन्याच्या रेघा ओढल्या. त्यांच्या पोरांच्या अंगात एकसारखे सदरे, आमच्या पोरांच्या अंगात सदरेच नाहीत. गाव खळ्याभोवती गोळा झालं. कोणी बैलबंडीवर चढलं, कोणी तणसाच्या ढिगावर. ढीग अर्ध्या खेळात खाली बसला, तरी कोणी उतरलं नाही.

शेवटी दोन्हीकडे एकेकच गडी उरला. त्यांचा गडी चढाईला आला, आमच्या म्होरक्याने त्याची कंबर धरली आणि दोघे मिळून मधल्या रेघेवर असे आडवे झाले, की कोणाचा हात कोणाचा ते कळेना. मी शिट्टी तोंडात धरून पालथा पडलो आणि रेघ शोधू लागलो. रेघेचा चुना माझ्याच नाकाला लागला होता. तेवढ्यात त्या गड्याचा दम तुटला. मी शिट्टी फुंकली, ती वाजली की नाही हे आजही सांगता येणार नाही, कारण सारं गाव एकदम ओरडलं. हायस्कुलाच्या गुरुजींनी खिलाडूपणे मला हात दिला. मी तो सोडीचना. मोटार निघाली तेव्हा आमचीच पोरं ती ढकलत होती आणि "पुन्हा या बरं का" म्हणून ओरडत होती.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मोजणीत हा मोठा विजय एकच धरला जाणार, म्हणून मला आणखी सोपे विजय हवे झाले. चार कोसांवर तलावाकाठी एक गाव होतं. मासेमारी आणि थोडी धानशेती करणारी घरं, एकच गुरुजी, मोठ्या वर्गात मोजकी पोरं. आम्ही त्यांना बोलावलं. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून मी कोतवालाकडून डफडं वाजवून दवंडी पिटवली, की हा सामना पक्का आहे, सरावाचा नाही. स्वतःच्या घरावर स्वतः गोटे मारायला मला मदतनीस कधी लागला नाही.

ते सात जण आले. काडीसारखे हातपाय आणि केस ओले. संघ नऊ जणांचा असायचा. मी उदार होऊन म्हटलं, "काही हरकत नाही, आम्हीही सातच उतरवतो."

त्यांचा पहिला पोरगा चढाईला आला. "हुतूतूतूतू" करत सावकाश आत शिरला, जणू कोणाच्या घरी विरजण मागायला आलाय. आमच्या चौघांनी त्याला धरलं. धरलं म्हणजे वर बसले. आता दम तुटणार म्हणून मी वाकलो. खालून आवाज येतच होता. मी कान जवळ नेला. हुतूतूतू. आमची पोरं थकली, एकाने पकड बदलली, तेवढ्यात तो पोरगा चौघांना घेऊन बोटभर सरकला. आवाज चालूच. मी त्याच्या ओठांना कान लावून बसलो होतो, आणि गावातली माणसं मला विचारत होती, "काऊन गुर्जी, काय सांगून राह्यला तो?"

तो रेघेला पोचला. आमचे चौघेही बाद.

मला वाटलं, हा एखादाच असेल. पुढचाही तसाच निघाला आणि त्याच्या पुढचाही. सामना हरल्यावर मी त्यांच्या गुरुजींना विचारलं, "तुम्ही ह्यांना दमाचा कसला सराव देता?"

ते म्हणाले, "म्या कायले देतो? जाळं तळाशी खुटाले अटकते. मंग पोट्टे बुडी मारतेत अन् सोडवतेत. फाडून आनलं त बाप मारते."

श्वासाच्या खेळाला मी पाण्याखाली राहणारी पोरं बोलावली होती. म्होरक्या रडला नाही. भात वाढताना त्याने त्या सातही जणांना दोन-दोनदा आग्रह केला आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "गुर्जी, आता आपली रेलगाडी गेली का?"

"कुठली जाते! हायस्कुलाला हरवलंय आपण. तू बघच, मी सभेत कसा बोलतो ते."

मी कसा बोललो, ते त्याला पुढे कळलंच.

आरमोरीच्या सभेला तपासनीस साहेब अध्यक्ष होते. मोठ्या गुरुजींना ताप होता म्हणून मी एकटाच गेलो. जिंकलेल्या सामन्यांचे आकडे सुरू झाले. शिदोरीवाल्या प्राथमिक शाळेला हरवणारे गुरुजी उठले आणि असा आकडा सांगून बसले की सतरंजीवर कुजबुज झाली. माझी पाळी आली. माझा आकडा ऐकून शेजारच्याने सहानुभूतीने मला सुपारी दिली.

मी ती तोंडात टाकली नाही. उभा राहिलो आणि सुरू झालो.

"साहेब, विजय मोजायचे नसतात, जोखायचे असतात! आपले शेतकरी धानाचं बियाणं कसं निवडतात? पाण्यात टाकतात. पोकळ दाणा कितीही असो, तो वर तरंगतो. भरीव दाणा तळाशी जातो. विजयांनाही पाण्यात टाका!"

साहेब सरसावून बसले. कोणीतरी "वा" म्हणालं. ती "वा" माझ्या डोक्यात गेली. आम्ही हायस्कुलाला कसं हरवलं ते मी हातवारे करून सांगितलं, रेघेवर पालथाही पडून दाखवलं. सभा हसली, टाळ्या पडल्या. इथेही थांबता आलं असतं. साहेबांनी कागदावर आमच्या शाळेचं नाव लिहायला टाक उचललासुद्धा होता. पण भाषण असं रंगात आलेलं, आणि त्याला एक झकास उदाहरण हवं होतं. मी दाराकडे पाहिलं. तिथे खडूची पेटी मांडीवर घेऊन तलावकाठचे गुरुजी बसले होते.

"हेच बघा ना, साहेब! ह्यांची शाळा. सबंध वर्षात ह्यांनी जिंकलाय एकच सामना. आकड्यात बघाल तर सगळ्यांत खाली! पण हरवलं कोणाला? आम्हाला! ज्यांनी हायस्कुलाला लोळवलं त्या आम्हाला, आमच्याच खळ्यावर! आता सांगा, हा एक विजय त्या ढिगाएवढ्या विजयांपेक्षा जड आहे की नाही?"

"आहे!" सभा ओरडली.

"आहे," साहेब म्हणाले आणि लिहायला लागले. "आपल्याच तोंडाने आपला पराभव सांगणारा शिक्षक मी पहिल्यांदा पाहतोय. ज्यांनी हायस्कुलाला हरवलं त्यांना ह्यांनी हरवलं. जागा ह्यांची."

मी अजून उभाच होतो. हात वर होता. तो खाली कसा आणायचा ते सुचेना. तलावकाठचे गुरुजी गोंधळून शेजाऱ्याला विचारत होते, "कायची जागा? मी त खडूसाठी आलो होतो."

परतताना रस्ता कधी नव्हे इतका लवकर संपला. गावाच्या वेशीवर संघ उभा होता, कोतवाल डफडं तापवून तयार. म्होरक्याने बापाचा कोट आधीच अंगात घातला होता.

"कोनाचा नंबर लागला गुर्जी?"

मी सांगितलं. कसं झालं तेही सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी हाटात कळणारच होतं. कोतवालाने डफडं काखेत धरलं. म्होरक्या म्हणाला, "पन ते जितले होते ना आपल्याशी. खरं त सांगतलं तुमी." त्याने कोटाची एकेक गुंडी सोडली. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी शाळा भरली तेव्हा तलावकाठचे गुरुजी अंगणात उभे होते. चार कोस चालत आलेले, धोतर गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेलं.

"मास्तर, तिथी नऊ गडी लागतेत म्हनते. माह्याजवळ सातच. शेजारच्या शाळेचे दोन घेतले त चालन, असं साहेब बोल्ले. तुमचे दोन द्या, आजच निघाचं हाय."

मी म्होरक्याचं नाव पुकारायच्या आत तो फाटकाजवळ पोचलेला होता. दुसरा त्याच्या मागोमाग. वर्गातली सगळी पोरं बाकांवर चढून ओरडायला लागली. कोतवाल कुठून आला कोण जाणे, डफडं वाजायला लागलं. मोठे गुरुजी अंगावर घोंगडी घेऊन तापातच ओसरीवर आले आणि "हळू रे, हळू" म्हणता म्हणता स्वतःच टाळ्या पिटायला लागले. म्होरक्याने धावत घरी जाऊन कोट आणला. उलटा घातला होता, कोणी सांगितलं नाही.

मलाही राहवेना. मी खोलीत गेलो, पिशवीत धोतर कोंबलं, टोपी चढवली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि बाहेर आलो. "चला! वैनगंगा ओलांडायची तर ऊन चढायच्या आत निघायला हवं. चांदा मला ठाऊक आहे. तिथल्या पंचांशी बोलायला कोणीतरी हवंच."

तलावकाठचे गुरुजी थांबले. त्यांनी माझी पिशवी पाहिली, मग शिट्टी पाहिली, आणि सगळ्या शाळेसमोर शांतपणे म्हणाले, "पोट्टे दोन पाह्यजे, मास्तर. तुमी इथीच राहा. तुमी तिथी बोल्ले त आमची जागा आनखी कोनाले तरी देऊन टाकसान."