सासूबाईंना वाचून न दाखवलेलं पान

मैत्रिणींनो, आज मन फार थकलंय, म्हणून लिहिते.

सासूबाईंना आता दिसत नाही. सकाळी पोथी आणि दुपारी चिखलीच्या वाचनालयातली कादंबरी, दोन्ही मीच वाचून दाखवते. रहस्यकथेत तीन खून पडले तरी त्या निवांत घोरतात. घरगुती कादंबरीला मात्र टक्क जाग्या असतात.

आजच्या कादंबरीत सून सासूला वृद्धाश्रमात सोडते. हल्ली दर दुसऱ्या कादंबरीत हेच, वाचून वीट आलाय. मी ते पान गुपचूप उलटलं आणि सासू भावाकडे राहायला गेली, असं मनचंच वाचलं.

"काऊन वं, पोथीचेबी पानं असेच सोडतं काय तू?" पान वेळेआधीच उलटल्याचा आवाज त्यांनी टिपला होता.

"नाही आई."

"मंग वाच. तिले कुठं नेऊन टाकलं, समजू दे मले."

वाचलं. त्यांनी ते पान शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मले सोडाचं असंन तं आधी सांगजो. लुगडे घड्या करून ठेवीन."

"तुम्ही कुठंच जाणार नाही, आई," मी म्हटलं. पण आत्ताच खोटं वाचणाऱ्या सुनेचं हे तरी त्यांनी खरं का मानावं, तुम्हीच सांगा.