लग्नघराची भिंत

चहा होईपर्यंत सांगते, पण मधे अडवू नका. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण माझ्यात नाही.

मी परभणीला चित्रकला शिकत होते तेव्हाची ही फजिती. चित्र काढायला आवडायचं, पण गटात काढायचं म्हटलं की जीव थकून जायचा. गटात काय होतं, माहितीये ना? एकजण काम करतो, दुसरा फोटो काढतो आणि तिसऱ्याची आत्या नेमकी त्याच दिवशी आजारी पडते. काम करणारी नेहमी मीच.

तर सरांनी झरी गावातल्या शाळेची भिंत रंगवायला दिली. विषय, पाणीटंचाई. गटात मी, समीर आणि वैष्णवी. मी मनात म्हटलं, कशाला या दोघांची वाट बघा? पहिल्या एसटीनं जाते आणि भिंत उरकूनच टाकते.

“मारुतीच्या देवळाजवळ, नवा चुना मारलेली भिंत,” सर म्हणाले होते. तशी भिंत समोरच होती. शेजारच्या दारातून एक काकू बाहेर आल्या.

“पेंटर का गं?”

“हो, भिंत रंगवायलाच आलेय.”

“एकटीच?”

“मला एकटीलाच बरं पडतं, काकू.”

“काढ मग झकास. आमाला घरात लय कामं हायत.”

थोड्या वेळानं चहा आला, मग पोहे आले. मला वाटलं, गाव किती कलाप्रेमी आहे. शंका कशी येणार? आयते पोहे मिळाले की कलावंताची बुद्धी चालत नाही.

मी कोरडी विहीर काढली. भेगाळलेली जमीन काढली. वाळकं झाड, त्यावर कावळा, आणि मधोमध आडवी पडलेली रिकामी घागर. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, “पोरी, हे काय काढायलीस?”

“वास्तव,” मी म्हणाले.

तेवढ्यात समीरचा फोन आला. “कुठंयस? आमी शाळेच्या भिंतीपाशी थांबलोत.”

“मीपण भिंतीपाशीच आहे.”

“मग दिसंनास कशी?”

मी देवळाच्या मागं वाकून पाहिलं. तिकडं शाळा होती. तिचीही भिंत पांढरीशुभ्र होती.

मागं वळले तर काकू चित्रासमोर उभ्या. त्यांनी घागरीकडं बोट केलं. मग हळूच म्हणाल्या, “माय, उद्या माझ्या लेकाची हळद हाय. लग्नाच्या घरावर रिकामी घागर काढलीस?”

त्यांचा पेंटर परभणीहून येणार होता, तो आलाच नव्हता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

समीर आणि वैष्णवी धावत आले. आता हे मला हसणार, म्हणून मी खाली मान घातली. वैष्णवी भिंतीकडं बघत एवढंच म्हणाली, “पुसत बसायला वेळ न्हाई. झाडाला पालवी फोडू.”

मी ब्रश उचलला, तर काकूंनी तो काढून घेतला. “तू नको, बाई. तू रंग कालव.”

मग मी हिरवा कालवत बसले. वैष्णवीनं वाळक्या झाडाला पानं आणि आंबे लावले. समीरनं आडव्या घागरीवर केशरी रंग चढवून उभा कलश काढला. विहिरीच्या गोलात गणपती अगदी नेमका बसला. माझ्या चित्रावर दुसऱ्यांचे हात फिरत होते आणि मला राग येत नव्हता. उलट मीच सुचवायला लागले, “कावळ्याचा मोर कर, समीर, मान जरा लांब घे.” काकू मोर बघून हसल्या तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

नंतर शाळेची भिंत आम्ही तिघांनी मिळूनच रंगवायला घेतली. दिवस कसा गेला कळलं नाही.

संध्याकाळी सर आले. काकूंनी त्यांना कौतुकानं आधी स्वतःचीच भिंत दाखवली. सर खूश झाले. “झाड वैष्णवीचं दिसतंय, कलश आणि मोर समीरचा. यात तुझं काम कुठंय?”

मी म्हणाले, “सर, या सगळ्याच्या खाली.”