टेबलावरची थाप

सात फेब्रुवारी २०१४, शुक्रवार. गेर्लिंडे हुफनागलच्या खानावळीचा त्या दिवशीचा गल्ला एकशे बारा युरो चाळीस सेंट. गावाबाहेर सैन्याची छावणी होती तेव्हा शुक्रवारी एवढे तर नुसत्या सॉसेजचे व्हायचे.

छावणी बंद करणारा माणूस राजकारणात मोठा झाला तो याच खानावळीतून. शेगडीजवळच्या गोल टेबलावर ठरलेली गावकरी मंडळीच बसतात. बोलावल्याशिवाय तिथं कुणी बसत नाही. त्या माणसाला, फोल्कमार श्ट्रीबलला, सव्विसाव्या वर्षी तिथं खुर्ची दिली ती गेर्लिंडेच्या नवऱ्याने. त्याच्या पहिल्या निवडणुकीचे फलक तिने स्वतः शिडीवर चढून खांबांना बांधले. पुढे जिल्हा, मग संसद, मग संरक्षणमंत्रिपद. प्रत्येक वेळी तो याच टेबलावर म्हणायचा, "मी असेपर्यंत छावणीला कुणी हात लावणार नाही."

मंत्री झाल्यावर छावणी बंद करायच्या कागदावर त्यानेच सही केली. तिला ते बटाटे सोलताना रेडिओवर कळलं. नवरा तोवर वारला होता, तेवढं बरं झालं. पुढे कसल्याशा खरेदीच्या भानगडीत फोल्कमारचं पद गेलं. तरी रिवाजाप्रमाणे त्याच्या निरोपाला मशाली पेटल्या, सैनिकी बँड वाजला. इथल्या छावणीच्या निरोपाला कुणी पिपाणीसुद्धा वाजवली नव्हती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तो आला आणि सरळ आपल्या जुन्या खुर्चीत बसला. बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा थाप मारली. या टेबलाचा रामराम तोच; बाकीचेही थाप मारतात, म्हणजे माणूस आपल्यात आला.

झेव्हर बेकरीवाल्याचा हात सवयीने उचलला गेला. फोल्कमारसमोर बिअर ठेवता ठेवता गेर्लिंडे म्हणाली, "झेव्हर, तुझा ग्लास तसाच आहे."

झेव्हरचा हात ग्लासाकडे गेला. कुणीच थाप मारली नाही.

फोल्कमार हसला. "काय रे, सगळ्यांच्या हातांना वात आला का?"

"आला खरा," झेव्हर म्हणाला. "सहीपुरता तुझा तेवढा धड राहिलाय."

फोल्कमार गेर्लिंडेकडे वळला. "लिंडे, जिल्हाप्रमुखपदाला उभा राहतोय. पुढच्या शनिवारी सभेला तुझा हॉल दे."

"ईस्टरला खानावळ बंद करतेय मी. हॉलसकट."

"अगं, देशाचा कारभार वेगळा असतो. मला काय हौस होती?"

"हौस नसेल. पण सही करण्याआधी एकदा इथं येऊन सांगायचं होतंस, छावणी बंद करतोय म्हणून. शिव्या घातल्या असत्या, मग जेवायला वाढलं असतं."

"आता आलोय ना."

"मतं मागायला आलायस. ऊठ त्या खुर्चीवरून. नवऱ्याने दिली होती, मी परत घेते."

त्याने टेबलाभोवतीच्या एकेकाकडे पाहिलं. कुणीतरी मधे पडेल असं त्याला वाटलं असावं. मग कोट उचलून तो बाहेर गेला. गेर्लिंडेने खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्याच्या बिअरचे तीन युरो वीस सेंट त्या दिवशीच्या गल्ल्यात नाहीत. ते अजून यायचे आहेत.